वस्तीवर लाईट नसताना सोलर पॅनलवरून थेट ई-स्कूटर चार्ज करायची कशी, पहिल्यापासून शेवटपर्यंत

आमची वस्ती माण तालुक्यात, गावापासून चार किलोमीटर आत. शेतीची लाईट पाळीनं येते, कधी दिवसा कधी रात्री, आणि वाऱ्यात तार तुटली किंवा डीपी जळाली की मग दोन-दोन दिवस विचारूच नका. भावानं डेअरीला दूध घालायला बारकी ई-स्कूटर घेतली, ६० व्होल्ट ३० एएच (अँपियर-तास) लिथियम बॅटरीची, आणि पहिल्याच महिन्यात लक्षात आलं की गाडी चांगली आहे पण चार्जिंगला लाईटच्या पाळीवर बसावं लागतंय. मग सोलरचा नाद लागला. आज दीड वर्ष झालं, गोठ्याच्या पत्र्यावर एक ५४० वॅटचं पॅनल आहे, त्याच्या खाली एक कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला लागेल तशी करून देणारा डबा), आणि तिथून थेट गाडीची बॅटरी. मधे इन्व्हर्टर नाही, घरची बॅटरी नाही, गाडीचा चार्जरही नाही. बघायला बरेच जण येतात, प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढतो.

आधी हे बघा की थेट का करायचं. इन्व्हर्टर मधे घालून करता येतंच, सोपंही आहे, प्लग लावला की झालं. पण हिशोब मांडा. पॅनलवरनं कंट्रोलर, तिथं चारेक टक्के गेले. मग घरची लेड-ॲसिड बॅटरी, तिच्यात घातलेल्या १०० युनिटांतली ८०-८५ च परत मिळतात. मग इन्व्हर्टर, तिथं आणखी १२-१५ टक्के. मग गाडीचा चार्जर, तो परत एसीचं (घरच्या लाईटसारखी वीज) डीसी (बॅटरीची वीज) करतो, त्यात दहाएक टक्के. सगळ्यांचा गुणाकार केला तर पॅनलनं दिलेल्या १०० मधले साधारण ६० गाडीत पोचतात. थेट केलं तर ९५ च्या आसपास. म्हणजे जे काम एका पॅनलवर होतं त्याला दीड पॅनल लागतं, वर घरच्या बॅटरीचं आयुष्य कमी होतं ते वेगळंच.

पण थेट पद्धत सगळ्यांना जमणारी नाही, आणि हे खरेदीच्या आधीच कळलेलं बरं. ऊन असताना बॅटरी पॅनलजवळ पाहिजे. आमची गाडी सकाळी दूध घालून आली की दहा ते चार घरीच उभी असते, संध्याकाळी परत डेअरी, त्यामुळे एकच पॅक, म्हणजे गाडीची बॅटरी, पुरतो. पण तुम्ही सकाळी नऊला गाडी घेऊन तालुक्याला नोकरीला जाणार आणि सहाला येणार असाल तर ऊन वाया जाणार, मग दुसरा पॅक घ्या आणि आलटून पालटून वापरा, नाहीतर इन्व्हर्टरचाच रस्ता धरा.

दुसरी गोष्ट, कुठली गाडी. ज्या गाडीचा पॅक निघतो किंवा ज्याला साधा दोन वायरींचा चार्जिंग पोर्ट आहे, त्यालाच हे जमतं. मोठ्या ब्रँडच्या बऱ्याच स्मार्ट स्कूटरमध्ये चार्जर आणि बॅटरी एकमेकांशी डेटा वायरीतनं बोलतात, बोलणं झालं नाही तर बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतलं राखण करणारं सर्किट, चार्जिंग घेतच नाही, आणि तिथं जबरदस्ती करायला जाऊ नका. गाडी वॉरंटीत असेल तर हेही मनात धरून चला की कंपनीच्या चार्जरशिवाय चार्ज केलं तर वॉरंटी जाऊ शकते. आम्ही ते डोळे उघडे ठेवून केलं, तुम्हीही तसंच करा.

आता कामाला लागू. पहिलं काम, तुमचा पॅक नक्की काय आहे ते ओळखायचं.

लोक म्हणतात "६० व्होल्टची बॅटरी आहे", पण तेवढ्यावर काहीच होत नाही. ६० व्होल्ट नावाचे कमीत कमी तीन वेगवेगळे पॅक बाजारात आहेत आणि तिघांचा फुल्ल व्होल्टेज वेगळा आहे. सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे गाडीसोबत आलेल्या चार्जरचं लेबल, त्यावर आउटपुट लिहिलेला असतो. ७३ व्होल्ट लिहिलं असेल तर आत २० सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले आहेत आणि ते एलएफपी आहेत, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, कारण एलएफपी सेल ३.६५ व्होल्टला फुल्ल होतो आणि २० गुणिले ३.६५ म्हणजे ७३. लेबलवर ७१.४ असेल तर १७ सेलचा एनएमसी, हा लिथियमचाच दुसरा प्रकार, त्याचा सेल ४.२ ला फुल्ल होतो. ६७.२ म्हणजे १६ सेलचा एनएमसी. ४८ व्होल्टवाल्यांसाठी, ५८.४ म्हणजे १६ सेल एलएफपी आणि ५४.६ म्हणजे १३ सेल एनएमसी. हा आकडा कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. पुढचं सगळं या एका आकड्यावर उभं आहे, पॅनल किती वॅटचं हे त्याच्या नंतर येतं. लेबल पुसलं गेलं असेल तर लाईट असताना गाडीच्या चार्जरनं फुल्ल चार्ज करा आणि चार्जर लावलेला असतानाच, हिरवा दिवा लागायच्या थोडं आधी, मल्टिमीटरनं व्होल्टेज मोजा. चार्जर काढल्यावर मोजू नका, एलएफपीचा व्होल्टेज चार्जर काढला की घसरतो आणि तुम्ही चुकीचा आकडा धरून बसाल.

मग एनर्जीचा हिशोब. आमचा पॅक ६४ व्होल्ट नॉमिनल (२० सेल गुणिले सरासरी ३.२) गुणिले ३० एएच, म्हणजे १९२० वॉट-अवर, दोन युनिटांपेक्षा थोडं कमी. मंद गतीची स्कूटर, मागं दुधाचे कॅन, खडीचा रस्ता, असं सगळं धरून किलोमीटरला २५ ते ३० वॉट-अवर खाते. दिवसाला ३० किलोमीटर फिरणं म्हणजे ८४० च्या आसपास. आता पॅनल. ५४० वॅट हा आकडा कारखान्यातल्या टेस्टचा आहे, २५ डिग्री सेलचं तापमान आणि १००० वॅट प्रति चौरस मीटर ऊन. आपल्याकडं उन्हाळ्यात पॅनलच्या आतला सेल ६५ डिग्रीला जातो, आणि प्रत्येक डिग्रीला पॉवर ०.३५ टक्क्यांनी उतरते, ४० डिग्री वर म्हणजे १४ टक्के तिथंच गेले. त्यात कंट्रोलर आणि वायरचं धरलं तर दुपारी बॅटरीत ४३०-४४० वॅट जातात. म्हणजे ८४० वॉट-अवर भरायला जवळजवळ दोन तास. पूर्ण रिकामा पॅक असेल तर साडेचार तास. अगदी ढगाळ दिवस सोडले तर एक पॅनल एका स्कूटरला भरपूर झालं.

आता इथं मी कुठं चुकलो ते सांगतो, कारण बहुतेक जण इथंच चुकतात.

मी सुरुवातीला दोन पॅनल आणली, दोन्ही ५४० वॅटची. एकाचा ओपन सर्किट व्होल्टेज ४९.५, म्हणजे काहीच जोडलेलं नसताना मिळतो तो, आणि काम करताना जास्तीत जास्त पॉवर मिळते तो व्होल्टेज ४१.५. दोन सिरीजमध्ये जोडली की ८३. पॅक भरताना ७० पर्यंत जातो, म्हणजे वर १३ व्होल्ट शिल्लक, मस्त, असं वाटलं आणि साधा एमपीपीटी, म्हणजे पॅनलमधनं जास्तीत जास्त पॉवर काढणारा, कंट्रोलर लावला. एप्रिल महिना होता. सकाळी नऊला लावलं, अँपियर छान वाढत गेले, मी खूश. साडेबाराला जेवायला बसायच्या आधी बघितलं तर अँपियर शून्य. ऊन डोक्यावर, पॅनल चकचकीत, आणि चार्जिंग बंद. आधी वाटलं कंट्रोलर जळाला. वायरी हलवल्या, परत जोडलं, चालू होतंय, पाच मिनिटांत परत बंद. चारनंतर आपोआप नीट चालायला लागलं. दोन दिवस हाच खेळ. तिसऱ्या दिवशी दुपारी काम करताना पॅनलचा व्होल्टेज मोजला तर ७१ च्या आसपास. तेव्हा डोक्यात उजेड पडला. पॅनल तापलं की व्होल्टेज उतरतो, ८३ चे ७१ झाले, तिकडं बॅटरी ६८-६९ ला पोचलेली, आणि साध्या एमपीपीटीला काम करायला पॅनलचा व्होल्टेज बॅटरीपेक्षा दोनेक व्होल्ट वर लागतो आणि झोपेतनं उठायला तर पाचेक व्होल्ट वर. ऊन जेवढं कडक तेवढं चार्जिंग कमी, असा उलटा प्रकार.

मग वाटलं तिसरं पॅनल आणू. तीन सिरीजमध्ये म्हणजे ओपन व्होल्टेज १४८.५. कंट्रोलरवर लिहिलेलं १५० कमाल. कागदावर बसतंय, पण माणमध्ये डिसेंबरात पहाटे १० डिग्रीच्या खाली जातं आणि थंडीत व्होल्टेज वाढतो, चारेक टक्के वाढला की १५४-१५५ झाले, सकाळच्या पहिल्या उन्हालाच कंट्रोलर गेला असता. दोन पॅनल उन्हाळ्यात कमी, तीन हिवाळ्यात जास्त. म्हणून पॅनल-कंट्रोलरची जोडी ठरवताना दोन टोकं तपासायचीच, सगळ्यात गरम दुपार आणि सगळ्यात थंड सकाळ. जुनी ३३५ वॅटची पॅनल कुणाकडं असतील तर त्यांचा ओपन व्होल्टेज ४६ च्या आसपास, तीन सिरीजमध्ये १३८, थंडीत १४५, ते बसतं, आणि गरम दुपारीही काम करताना ९५ च्या वर राहतं.

कंट्रोलर दोन जातीचे, हे नीट समजून घ्या

साधा एमपीपीटी, ज्याला बक म्हणतात, तो जास्त व्होल्टेज उतरवून बॅटरीला देतो. विहिरीच्या थारोळ्यासारखं, पाणी वरनं खाली. त्याला पॅनल कायम बॅटरीपेक्षा वर पाहिजे. दुसरा बूस्ट एमपीपीटी, तो उलटा, कमी व्होल्टेज चढवून देतो, पंपासारखा. एका पॅनलचे ३६-४१ व्होल्ट घेऊन तो ६९ करून बॅटरीत ढकलतो. ई-बाईक, ई-स्कूटरसाठीच तो बनवलेला असतो, ४८, ६०, ७२ सगळ्या व्होल्टेजला सेट करता येतो.

मी बूस्टवर आलो, आणि त्याचं मोठं कारण पैसे नाही, सुरक्षा आहे. विचार करा, कंट्रोलर बिघडला तर काय होईल. बकमधला मुख्य स्विच शॉर्ट झाला तर पॅनलचा पूर्ण व्होल्टेज, समजा १३८, सरळ बॅटरीच्या तोंडावर येतो. मग सगळी भिस्त बीएमएसवर, आणि बीएमएसमधले स्विच एवढ्या व्होल्टेजला टिकतीलच असं नाही. बूस्टला पॅनल मुळातच बॅटरीपेक्षा खाली असतं. आमचं पॅनल काही केलं तरी थंडीत ५१-५२ च्या वर जात नाही आणि पॅक रिकामा असला तरी ५६ च्या वर असतो. स्विच शॉर्ट झाला तर चार्जिंग बंद पडतं, बास. बूस्टचा सेन्सिंगचा भाग बिघडला तर जास्त व्होल्टेज जाऊ शकतो, ते नाही असं नाही, पण सगळ्यात नेहमीचा जो बिघाड, तो इथं गाडी जाळत नाही. बक वापरायचाच असेल तर वेगळा ओव्हर व्होल्टेज कटऑफ लावा, जो ठरलेल्या व्होल्टेजला डीसी कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच, पाडून जोड तोडतो.

४८ व्होल्ट १६ सेलवाल्यांनी बूस्टला ५४० चं पॅनल लावू नका, त्याचा ओपन व्होल्टेज रिकाम्या पॅकच्या वर जातो. ४० व्होल्टच्या आतलं छोटं पॅनल घ्या. किंवा १६ सेलला दोन ५४० सिरीजमध्ये आणि बक, ते छान चालतं, कारण गरम दुपारचे ७१ सुद्धा ५६ पेक्षा बरेच वर आहेत.

आणखी एक फसगत, साध्या कंट्रोलरवर १२, २४, ४८ ऑटो लिहिलेलं असतं. त्याला ६० चा पॅक लावला तर तो ४८ समजून बसतो आणि चार्जिंगच करत नाही, किंवा त्याची बॅटरीकडची मर्यादाच ६४ व्होल्टच्या आसपास असते. ६० किंवा ७२ व्होल्ट आणि "युझर" सेटिंग स्पष्ट लिहिलेलं असेल तोच घ्या. बूस्ट घेताना इनपुटचे अँपियर बघा, ५४० चं पॅनल १३ अँपियर देतं, दहा अँपियरवाला घेतला तर तो तेवढंच घेईल आणि गरम होत राहील. १५ चा घ्या.

सामान

पॅनल, त्याची लोखंडी चौकट, कंट्रोलर, सोलरची डीसी वायर, एमसी-फोर (सोलर वायरींचे खटक्याचे) कनेक्टर, पॅनलकडं डीसीचा दोन पोलचा एमसीबी २० अँपियर, पॅककडं फ्यूज, पॅकला लावायचा जाड कनेक्टर, अर्थिंग, आणि एक बरा मल्टिमीटर. क्लॅम्प मीटर घेतलात तर डीसी अँपियर मोजणारा आहे ना बघून घ्या, स्वस्तातले फक्त एसी मोजतात.

एमसीबीबद्दल मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो, घरातला एसीचा एमसीबी इथं वापरू नका. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही, एकदा आर्क, म्हणजे सलग ठिणगी, पेटला की तो वितळवत जातो. डीसीच्या बऱ्याच एमसीबीवर प्लस-मायनसची बाजू छापलेली असते, ती उलटी लावली तरी तोच धोका. फ्यूजचंही तसंच. मोटरसायकलचा पात्याचा फ्यूज सगळीकडं मिळतो म्हणून लोक लावतात, तो ३२ व्होल्टचा आहे, ७० व्होल्टला तो उडाला तरी आत आर्क चालू राहू शकतो. सोलरच्या दुकानात १० बाय ३८ चा १००० व्होल्ट डीसी फ्यूज आणि त्याचा होल्डर मिळतो, तो १५ अँपियरचा लावा आणि पॅकच्या जितका जवळ लावता येईल तितका जवळ, कारण शॉर्ट झालं तर खरा मोठा करंट पॅकमधनं येतो, पॅनलमधनं नाही.

वायर. बूस्टमध्ये पॅनलकडचा व्होल्टेज कमी आणि करंट जास्त, म्हणून लांब वायर पॅनलच्या बाजूला ठेवू नका. ४ स्क्वेअरची (४ चौरस मिलिमीटरची) वायर १० मीटर नेली, जाऊन येऊन २० मीटर, तर सव्वा व्होल्ट वायरीतच जातो, ४० मधला सव्वा म्हणजे ३ टक्के. ६ स्क्वेअर घ्या किंवा कंट्रोलर पॅनलच्या खालीच सावलीत बसवा. आणि एमसी-फोर दोन वेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत घालू नका. बसतात, खट् आवाजही येतो, पण आतली पकड सैल राहते. आमच्या एका जोडाचं प्लास्टिक दोन महिन्यात तपकिरी पडलं होतं, हात लावला तर चटका. क्रिम्प, म्हणजे वायरीवर पिन दाबून बसवणं, त्याच्या पक्कडनंच करा, दातानं वायर सोलून पिळून घालायचं काम इथं नाही.

पॅनल दक्षिणेकडं तोंड, १७-१८ अंश उतार, आपल्या भागाला तेवढा बरोबर आहे. पॅनल सव्वादोन मीटर लांब आणि २८ किलोचं आहे, वळवाच्या वाऱ्यात ते पतंगासारखं उडतं. पत्र्याला नुसते स्क्रू मारू नका, खालच्या कैचीला बोल्टनं आवळा. चौकटीला अर्थिंग द्या, माळावर वस्ती असली की वीज पडायची भीती खरी असते.

सेटिंग, पॅनल लावायच्या आधी

इथं घाई नको. लेबलवर ७३ आहे म्हणून ७३ सेट करायचं नाही. एलएफपी सेलला ३.४५ व्होल्ट धरा, २० सेलला ६९. १६ सेल एलएफपीला ५५.२. पॅक जवळजवळ पूर्ण भरतो, शेवटचे थोडेच टक्के राहतात, आणि त्या बदल्यात दोन फायदे. एक, सेलचं आयुष्य वाढतं. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, बीएमएस कधी मधेच तोडत नाही. भर उन्हात सहा-सात अँपियर चालू असताना बीएमएसनं पॅक तोडला तर कंट्रोलरचा करंट जायला जागाच नसते, व्होल्टेज एकदम उसळतो आणि कंट्रोलर किंवा बीएमएस, कुणीतरी एक जातो. कंट्रोलरनं आधी थांबायचं, बीएमएस फक्त शेवटची भिंत.

एनएमसीवाल्यांनी सेलला ४.१ धरा, १७ सेलला ६९.७. करंट ३० एएच पॅकला दहा अँपियरच्या आत, आम्ही सातवर ठेवलाय. कंट्रोलरमध्ये इक्वलायझेशन नावाचं सेटिंग असेल तर बंद करा, ते लेड-ॲसिडसाठी आहे, लिथियमला घातक. तापमान कॉम्पेन्सेशन शून्य. फ्लोट, म्हणजे भरल्यावरही बारीक चार्जिंग चालू ठेवणं, बंद करता येत असेल तर बंद, नाहीतर एलएफपी सेलला ३.३५, आमच्या पॅकला ६७.

जोडायचा क्रम. आधी पॅक, मग पॅनल. काढताना उलटं, आधी पॅनल, मग पॅक. कंट्रोलरला आधी बॅटरी दिसली पाहिजे म्हणजे त्याला कळतं कुठं थांबायचं. पॅकचा कनेक्टर लावताना टिक करून ठिणगी उडते, कंट्रोलरच्या आतले कपॅसिटर एकदम भरतात म्हणून, त्यानं कनेक्टरची पितळी पिन काळी पडत जाते. अँटी स्पार्क कनेक्टर मिळतो, एक्सटी-९० चा हिरव्या रंगाची कड असलेला, तो लावा. प्लस-मायनस जोडायच्या आधी प्रत्येक वेळी मीटरनं बघा, दीड वर्षानंतर मी अजून बघतो. आणि पॅकच्या चार्जिंग पोर्टलाच जोडा, मोटरच्या वायरीला नाही. काही पॅकमध्ये दोन्हीचं संरक्षण वेगळं असतं, मोटरच्या बाजूनं भरलं तर बीएमएस बघतच नाही.

पहिल्या दिवशी वही-पेन घेऊन बसा. आमचे आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. सकाळी नऊला पॅक ६५, साडेतीन अँपियर. अकराला साडेपाच अँपियर, पॅक ६६.६. बाराला सव्वासहा, पॅक ६६.९. नंतर दीड तास व्होल्टेज हललाच नाही, ६७ ला चिकटून. घाबरू नका, एलएफपीचा स्वभावच तसा, मधल्या टप्प्यात व्होल्टेजवरनं किती भरलं ते कळत नाही. मग शेवटी एकदम, दहा-पंधरा मिनिटांत ६७.५, ६८, ६९, आणि अँपियर उतरायला लागतात, पाच, तीन, एक. इथं उठून जाऊ नका. ६९ ला थांबतंय का, हे पहिल्या दिवशी स्वतःच्या डोळ्यानं बघायचं, कंट्रोलरच्या डिस्प्लेवर नाही तर मल्टिमीटर पॅकला लावून, कारण डिस्प्ले अर्धा-एक व्होल्ट चुकीचा असू शकतो. दर पंधरा मिनिटांनी कनेक्टर, फ्यूज होल्डर आणि वायरीला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर तिथं जोड सैल आहे.

महिन्यातनं एकदा लाईट असेल तेव्हा गाडीच्या मूळ चार्जरनं पूर्ण ७३ पर्यंत भरा आणि हिरवा दिवा लागल्यावरही दोन-तीन तास तसंच राहू द्या. बीएमएस सेल एकसारखे करायचं काम वरच्या व्होल्टेजलाच करतो, कायम ६९ वर थांबलात तर सेल हळूहळू मागं-पुढं होतात आणि रेंज कमी व्हायला लागते.

रिक्षा, कार आणि शेतपंपाचं

लेड-ॲसिडवाली ई-रिक्षा असेल तर वेगळा विचार. चार बॅटऱ्या, ४८ व्होल्ट, १२० एएच धरली तर दिवसाचे साडेचार युनिट वापर, आणि लेड-ॲसिड जेवढं देते त्याच्यापेक्षा पाव जास्त खाते, म्हणून दीड किलोवॅटच्या खाली पॅनल घेऊ नका. दोन-दोनची सिरीज करून चार पॅनल आणि ४८ चा साधा एमपीपीटी, चार्जिंग ५७.६ ला. हिची अडचण अशी की शेवटचे वीस टक्के भरायला तिला तासन् तास लागतात आणि तोवर ऊन उतरतं. रोज अर्धवट राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं. आठवड्यातनं एकदा लाईटवर पूर्ण भरा, डिस्टिल्ड वॉटर बघा.

कार थेट पॅनलवरनं, असं विचारणारे पुष्कळ. नाही जमत. तिचा पॅक तीनशे-चारशे व्होल्टचा, डीसी पोर्टमधनं चार्जर आणि गाडीचं बोलणं झाल्याशिवाय आतला कॉन्टॅक्टर जोडलाच जात नाही. कारला ऑफ-ग्रिड इन्व्हर्टर, मधे बॅटरी, आणि १५ अँपियरच्या सॉकेटमधनं एसी. तिथं इन्व्हर्टरच्या आउटपुटला न्यूट्रल-अर्थिंग नीट नसेल तर गाडीची चार्जिंग केबल लाल दिवा दाखवते, ते काम जाणत्या वायरमनकडनंच करून घ्या.

आणि सोलर शेतपंप. आता आपल्या भागात बऱ्याच विहिरींवर योजनेतले पंप बसलेत, पावसाळ्यात पंप बंद असतो आणि तीन-पाच किलोवॅटची पॅनल रिकामी तळपत असतात, ते बघून हात शिवशिवतो. तिथनं वायर काढू नका. ती पॅनल लांब सिरीजमध्ये असतात, कित्येक शे व्होल्ट डीसी, एका चुकीत जीव जातो. पीएम-कुसुममध्ये युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर म्हणून प्रकार आहे, पंप बंद असताना तीच वीज कडबाकुट्टी, पिठाची गिरणी, बॅटरी चार्जिंग यांना द्यायला. पंप अजून घ्यायचा असेल तर त्याची चौकशी करा, तो खरा रस्ता आहे.

ऊन, पाऊस आणि पॅकची जागा

एप्रिल-मेमध्ये पॅक उन्हात ठेवून चार्ज करू नका, लोखंडी पत्र्याखालीही नको. लिथियम ४५ डिग्रीच्या वर चार्ज करणं बरं नाही, आणि पत्र्याखाली दुपारी तेवढं सहज होतं. आम्ही गोठ्याच्या उत्तरेकडं कडुनिंबाखाली दगडी ओट्यावर पॅक ठेवतो, वर फक्त शाकारलेलं छप्पर होतं ते काढून सिमेंटचा पत्रा टाकला, कारण चार्जिंगवर कडब्याचं छप्पर म्हणजे आगीला निमंत्रण. जवळ कडबा, सरपण, डिझेलचा कॅन काही नाही. गाडी फिरून आल्यावर पॅक गरम असतो, अर्धा तास थंड होऊ द्या मग लावा. घरात, झोपायच्या खोलीत, दाराच्या वाटेवर चार्जिंग करायचं नाही, आग लागली तर बाहेर पडायची वाट मोकळी पाहिजे. पॅक फुगला, गोडसर केमिकलचा वास आला, पाण्यात पडला, तर त्याला पॅनल दाखवूच नका.

पॅनल आठवड्यातनं एकदा पुसा, सकाळी लवकर, साध्या पाण्यानं. दुपारच्या तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. धुळीच्या दिवसात पुसायच्या आधी आणि नंतर अँपियर बघा, म्हणजे दर आठवड्याला वर चढायचा कंटाळा येणार नाही. झाडाची फांदी एका कोपऱ्यावर आली तरी एक तृतीयांश पॅनल झोपतं, फांदी छाटा किंवा पॅनल सरकवा.

जून ते सप्टेंबर माणमध्ये पाऊस कमी असला तरी आभाळ भरलेलं असतं. अशा दिवशी दीड-दोन अँपियर मिळतात, कधी एकच. त्या महिन्यात आम्ही रोज लावतो, पॅक रिकामा व्हायची वाट बघत नाही, कारण एलएफपीला थोडं-थोडं भरल्यानं काही होत नाही. संध्याकाळी पॅक काढून ठेवतो, रात्रभर जोडलेला राहिला तर कंट्रोलर थोडं-थोडं पित राहतो. आणि वळीव येताना दिसला, पश्चिमेला आभाळ काळं झालं, वारा सुटला, की पाऊस अंगावर यायच्या आधी पॅनलचा एमसीबी खाली, मग पॅकचा कनेक्टर बाहेर, आणि पॅक उचलून ओसरीत कोरड्या फळीवर.